क्वायर घडवणारा पाळक : जेम्स क्लीव्हलंड यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन यांनी १९७२ मध्ये चर्चमध्ये गायलेल्या गीतांचा चित्रपट पाहिला. त्यात पियानोवर बसून सगळे सांभाळून घेणारे गृहस्थ कोण? (पुणे)

ते रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री ते ध्वनिमुद्रण झाले. लोकांशी बोलणे, पियानो वाजवणे आणि गरज पडेल तेथे गाणे ही तिन्ही कामे क्लीव्हलंड यांच्याकडे होती. मागे बसलेला सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, म्हणजे चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्यांचा संच, हाही त्यांनीच स्थापन केलेला होता. त्याचे प्रत्यक्ष संचालन अलेक्झांडर हॅमिल्टन करत होते. अरेथा यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटमध्ये पाळक होते आणि त्यांच्या चर्चच्या संगीतात क्लीव्हलंड यांनी काम केले होते. तेव्हापासून अरेथा त्यांच्याकडून शिकत होत्या. चित्रपटात दोघांमध्ये जो मोकळेपणा दिसतो, तो या जुन्या ओळखीतून आलेला आहे.

क्लीव्हलंड यांचा जन्म १९३१ मध्ये शिकागोत झाला. तेथील पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या संगीताची धुरा गॉस्पेलचे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती भक्तिसंगीताचे, जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी यांच्याकडे होती, आणि त्याच क्वायरमध्ये हा मुलगा गाऊ लागला. घरी पियानो घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून खिडकीच्या चौकटीलाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मानून तो रोज रात्री बोटे चालवत असे. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

प्रश्न : त्यांचा आवाज घोगरा आणि जागोजागी फाटलेला वाटतो. मग त्यांना गायक म्हणून एवढा मान कसा? (नाशिक)

लहानपणी त्यांचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. वयात येताना त्याच्यावर फार ताण पडला आणि तो कायमचा खरखरीत झाला. मला मात्र हा दोष वाटत नाही. कीर्तनात निरूपण करता करता अभंगाच्या चरणावर येणाऱ्या बुवांचा स्वर जसा नकळत चढत जातो, आणि बोलणे कोठे संपले व गाणे कोठे सुरू झाले हे श्रोत्याला सांगता येत नाही, तसेच क्लीव्हलंड यांच्या गायनात होते. १९५० च्या दशकात अल्बर्टिना वॉकर यांच्या कॅरव्हॅन्स या गायिकांच्या संचात ते पियानो वाजवत आणि गीतांची बांधणी करत. तेव्हाही काही गीतांत मागे गायन चालू असताना ते नुसते बोलत. शिवाय ते उत्तम रचनाकार होते. रोबर्टा मार्टिन यांच्यासारख्या मातब्बर गायिकेने, ते अगदी तरुण असतानाच, त्यांची गीते स्वीकारली. माझ्या मते स्वतःच्या गळ्याची मर्यादा ओळखल्यामुळेच त्यांनी उंच आणि भरदार स्वर क्वायरकडे सोपवले, आणि त्यातून क्वायर हेच त्यांचे खरे वाद्य झाले.

प्रश्न : त्यांचे एकच ध्वनिमुद्रण ऐकायचे असेल, तर कोणते ऐकावे? (ठाणे)

‘पीस बी स्टिल’. येशूने गालील समुद्रावरचे वादळ शमवले, त्या प्रसंगावरील हे स्तोत्र मेरी अ‍ॅन बेकर यांनी १८७४ मध्ये लिहिले. न्यू जर्सीतील नटली येथील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचा एंजेलिक क्वायर सोबत घेऊन क्लीव्हलंड यांनी १९ सप्टेंबर १९६३ रोजी, लोकांच्या उपस्थितीत, त्याचे ध्वनिमुद्रण केले. लय अत्यंत संथ आहे. वादळाच्या ओळींवर क्वायर एकदम उसळतो आणि ‘शांती’ या शब्दावर इतका हळू होतो, की समोर बसलेल्या लोकांचे हुंकार स्पष्ट ऐकू येतात. त्याच्या चारच दिवस आधी, १५ सप्टेंबरला, अलाबामातील बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडवून चार मुलींचा जीव घेतला होता. ही तारीख मनात ठेवून ऐकले, तर त्या गीतातील वादळ गालीलपुरते उरत नाही.

प्रश्न : ते आधी संगीतकार होते की आधी पाळक? (कोल्हापूर)

कालक्रमाने पाहिले तर संगीत आधी आले. पाळकपणाची दीक्षा त्यांनी १९६० च्या दशकात घेतली आणि १९७० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कॉर्नरस्टोन इन्स्टिट्यूशनल बॅप्टिस्ट चर्च स्थापन केले. ९ फेब्रुवारी १९९१ रोजी निधन होईपर्यंत ते तेथील पाळक होते. ग्रॅमी पुरस्कार मिळाले, हॉलिवूडच्या पदपथावर नामवंतांच्या नावाने बसवतात तो तारा मिळवणारे ते पहिले गॉस्पेल कलावंत ठरले. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप ऑफ अमेरिका ही संस्था. १९६८ मध्ये डेट्रॉइटला तिचे पहिले अधिवेशन झाले, आणि तेव्हापासून गावोगावचे हौशी गायक, वादक आणि संचालक एकत्र येऊन नवी गीते शिकतात व आपापल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, नेतात. मंडळीला उभे करणे हे पाळकाचे काम त्यांनी गाण्यातूनच केले.

प्रश्न : आमच्या मंडळीत नारायण वामन टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर म्हटले जातात. तरुणांना गॉस्पेल हवे आहे. काय करावे? (अहिल्यानगर)

टिळकांचे अभंग सोडू नयेत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी आपल्या मातीतले भजन-कीर्तन आणले. डॉर्सी यांनीही ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नित्याच्या गाण्याची, धाटणी चर्चमध्ये आणली आणि सुरुवातीला त्यासाठी विरोध सोसला. तेव्हा अमेरिकन नाद उसना घेण्याऐवजी पद्धत घ्यावी. टिळकांचा एक अभंग निवडावा, पालुपदाचे तीन स्वरभाग करावेत आणि ते स्वरलिपीशिवाय, कानाने ऐकवून तीन गटांना शिकवावेत. पालुपद किती वेळा घ्यायचे हे आधी ठरवू नये. मंडळी कोठवर आली आहे ते पाहून गायकाने खूण करावी, आणि ती खूण सर्वांना कळेल इतका सराव मात्र आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी करून घ्यावा.