जिवाणूंना आपली संख्या कशी कळते?

प्रश्न : जिवाणू एकपेशीय असतात; त्यांना मेंदू नाही आणि ज्ञानेंद्रियेही नाहीत. तरीही ते रसायनांच्या साह्याने एकमेकांशी संपर्क साधतात आणि ठरवून एकाच वेळी शरीरावर हल्ला करतात, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आणि हा संपर्क तोडता आला, तर प्रतिजैविकांची गरज उरणार नाही का?

उत्तर : संपर्क खरा आहे, ‘ठरवून’ हा शब्द मात्र जपून वापरावा. अनेक जातींचे जिवाणू वाढत असताना विशिष्ट लहान रेणू सतत बाहेर सोडत असतात. पेशी विरळ असतील तर हे रेणू विरून जातात. दाटी झाली की त्यांचे प्रमाण वाढते आणि एका पातळीनंतर ते जिवाणूंच्या ग्राही प्रथिनांना जोडले जाऊन कितीतरी जनुके एकदम चालू किंवा बंद करतात. प्रकाश देणाऱ्या सागरी जिवाणूंमध्ये नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये ही गोष्ट दाखवून दिली. पुरेशी संख्या होईपर्यंत ते जिवाणू उजळतच नव्हते. ‘क्वोरम सेन्सिंग’ (गणसंख्येची जाणीव) हे नाव या यंत्रणेला 1994 मध्ये मिळाले.

रोगाशी तिचा संबंध ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जिवाणूमध्ये फार स्पष्ट दिसतो. भाजलेल्या जखमांत आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत वाढणारा हा जिवाणू ऊती विरघळवणारी विकरे (एन्झाइम) आणि पायोसायनिन हे विषारी रंगद्रव्य मुख्यतः दाटी झाल्यावर तयार करतो. मोजक्या पेशींनी ती आधीच सोडली असती, तर शरीराचे फारसे बिघडले नसते आणि रोगप्रतिकारक यंत्रणा मात्र सावध झाली असती, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या यंत्रणेची जनुके निकामी केलेले जिवाणू उंदरांवरील प्रयोगांत कमी घातक ठरले आहेत.

संख्या वाढली की हल्ला होतो, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही, आणि मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. पटकीचा (कॉलराचा) जिवाणू याच्या नेमका उलट वागतो. संख्या कमी असताना तो लहान आतड्याला चिकटतो आणि विष तयार करतो; संख्या वाढल्याचा संदेश मिळताच विषाची जनुके दबतात आणि आतड्यापासून सुटण्यास मदत करणारे विकर तयार होऊ लागते. जुलाबांवाटे बाहेर पडून नव्या माणसापर्यंत पोहोचणाऱ्या जिवाणूला हेच सोयीचे आहे. त्वचेवर गळवे आणणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जिवाणूमध्ये संदेशाचे काम एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी आखूड साखळी, करतो. त्याचे प्रमाण वाढले की विषद्रव्ये वाढतात, पण पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारी प्रथिने कमी होतात.

त्यामुळे संपर्क तोडण्याचा परिणाम प्रत्येक रोगात वेगळा होईल. स्यूडोमोनासमध्ये त्याने विकरे घटतील. पटकीत विषनिर्मिती चालूच राहण्याचा धोका आहे. स्टॅफिलोकॉकसमध्ये विष कमी झाले, तरी शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर किंवा नळीवर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, अधिक घट्ट होऊ शकतो. शिवाय सिस्टिक फायब्रोसिसच्या जुनाट संसर्गात मुख्य संदेशग्राहीच बिघडलेले स्यूडोमोनास वारंवार सापडतात, म्हणजे तेथे तोडण्यासारखे फारसे उरलेले नसते.

तरीही हे संशोधन आशादायक आहे. काही जिवाणूंकडे संदेशाचे रेणू फोडणारी विकरे आहेत, आणि ॲझिथ्रोमायसिन हे परिचित प्रतिजैविक स्यूडोमोनासला मारू न शकणाऱ्या मात्रेतही त्याची संदेशयंत्रणा मंदावते. जिवाणूला न मारता निःशस्त्र केले, तर औषधाला दाद न देणाऱ्या वाणांची निवड कमी वेगाने होईल, अशी अपेक्षा आहे. ही निवड मुळीच होणार नाही, असे मात्र नाही. शिवाय निःशस्त्र झालेले जिवाणू जिवंतच राहतात आणि त्यांना संपवण्याचे काम रोगप्रतिकारशक्तीला किंवा प्रतिजैविकाला करावेच लागते. म्हणून प्रतिजैविकाच्या जोडीला वापरायचे औषध म्हणून या उपायाचा विचार करणे मला अधिक योग्य वाटते, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रतिजैविक या बातम्या वाचून कोणीही बंद करू नये.