एकट्याने होडी हाकायची, खिशात १५ हजार

२२ फुटी जुनी शिडाची होडी, सोबतीला कोणी नाही, गेटवेसमोरून मांडव्याकडे जायचं, आणि १५ हजारांत जुना फर्लर, म्हणजे पुढचं शीड (जिब) गुंडाळायचं यंत्र, मिळतोय तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नको. जुन्या फर्लरचा ड्रम ऐन वाऱ्यात अडकला की जिब ना आत येते ना बाहेर जाते, आणि सोडवायला पुढे जाणार कोण?

एकट्याला खरं छळतं ते टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा. हात सोडला की होडी वाऱ्यात तोंड घालते आणि शिडं फडफडायला लागतात. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ मध्ये एकटा जगाला वळसा घालून आला, तेव्हा कुठलं यंत्र नव्हतं. चाक बांधून ठेवलं की ‘स्प्रे’ आपली वाट धरून जायची. पण तिची कील, म्हणजे तळाचा कणा, लांब होती. आपल्या छोट्या होड्या नुसतं टिलर बांधून ऐकत नाहीत.

म्हणून मी हे करतो. जिबच्या ताणलेल्या शीटला, म्हणजे शीड ताणून धरणाऱ्या दोरीला, एक बारीक दोरी रोलिंग हिच नावाच्या गाठीने बांधायची, वाऱ्याकडच्या बाजूच्या पुलीतून फिरवून टिलरला आणायची. टिलरच्या दुसऱ्या बाजूला सर्जिकल दुकानातली लेटेक्सची नळी, करंगळीएवढी, गलोलीला लावतात तसली. झोत आला की शीट ताणते, टिलर वाऱ्याकडे ओढलं जातं आणि वाऱ्यात तोंड घालू पाहणारी होडी वाऱ्यापासून दूर वळते. वारा पडला की नळी टिलर परत खेचते. पहिले दोन-तीन रविवार नळीचा ताण कमी-जास्त करण्यात जातील. जमलं की टिलरवर त्या जागी चिकटपट्टीची खूण करून ठेवा. वारा मागून असेल तेव्हा मात्र माझ्याकडे ही जोडणी टिकत नाही. नळी उन्हात चिकट होते, दर मोसमाला बदला.

याचा अर्थ खाली जाऊन चहा टाका असा नाही हं. लाँचा, जाळी आणि नांगरावरची जहाजं यांच्यामधून जायचंय. जेमतेम अर्ध्या मिनिटाची सवड मिळते, तेवढी पुरते.

दुसरं, जिबला डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ओढायची दोरी. शिडाच्या वरच्या टोकापासून बारीक दोरी शिडाच्या हुकांच्या आतून खाली, होडीच्या पुढच्या टोकाच्या एका पुलीतून मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे आपण बसतो तिथे. हॅल्यार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, तीही मागे आणा. एक सोडायची, दुसरी ओढायची, जिब डेकवर. खर्च एक पुली आणि थोडी दोरी. हे नव्हतं तेव्हा दुपारच्या वाऱ्यात मी पुढे गुडघ्यांवर बसून जिबशी कुस्ती खेळलोय, आणि मागे होडी स्वतःच टॅक होऊन, म्हणजे वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळून, बसली.

उरलेले पैसे सेफ्टी हार्नेस आणि त्याला होडीशी जोडणाऱ्या आखूड पट्ट्याला (टेदर), इतका आखूड की पाण्यात पडताच येऊ नये.

तरी पडलाच तर? मागे शिडी हवी, आणि ती उलगडणारी दोरी पाण्यातून हाताला लागेल अशी. दोरीची शिडी होडीखाली सरकते, पाय वर येतच नाहीत. घडीची कडक शिडी घ्या. नांगरावर असताना कपडे आणि लाइफजॅकेट घालून एकदा स्वतः चढून बघा, काठावर कोणीतरी असू द्या. मी दोरीच्या शिडीने तीनदा प्रयत्न केला. शेवटी शेजारच्या मचव्यावरच्या तांडेलाने काखेत हात घालून मला वर ओढलं, आणि वरून विचारतो, जाळं टाकू का.