केळी आणल्यावर दोन-तीन दिवसांत देठाकडून काळी पडतात, बुरशी येते. आणल्या आणल्या धुऊन फ्रिजमध्ये ठेवावीत का?

रावेर तालुक्यात आमची केळीबाग आहे, म्हणून लिहितो. बुरशी तुमच्या स्वयंपाकघरात लागली असं तुम्हाला वाटत असेल, पण बहुतेक वेळा ती आमच्याच बागेतून आलेली असते.

कोलेटोट्रायकम म्युसी तिचं नाव. वाळल्या पानांवरून, सुकल्या फुलांवरून तिचे बीजाणू पावसाच्या थेंबांसोबत हिरव्या केळ्यावर पडतात, रुजतात आणि सालीला चिकटून गप्प बसतात. हिरव्या सालीत तिला अडवणारी द्रव्यं असतात. केळं पिकायला लागलं की ती ओसरतात, साखर वाढते, आणि बुरशी जागी होते. म्हणून बाजारात पिवळीधमक दिसलेली फणी तिसऱ्या दिवशी डागाळते.

देठाचं दुखणं वेगळं. फणी दांड्यापासून कापली की उघडी जखम राहते. तिथे कोलेटोट्रायकम, फ्युझेरियम, लासिओडिप्लोडिया अशी टोळीच शिरते. शिवाय चीक धुऊन जावा म्हणून फण्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. एका हंगामात मजूर कमी होते, आम्ही तुरटीवर भिस्त ठेवून दिवसभर तेच पाणी वापरलं. संध्याकाळी ते चहासारखं दिसत होतं! एका घडावरची घाण दुसऱ्याच्या ताज्या जखमेत गेली. कापलेल्या टोकातल्या बारीक नळ्या पाण्यासोबत बीजाणूही आत ओढतात. दिल्लीत गाडी उघडली तर फण्यांची टोकं काळी. व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हा धुऊन ओली ठेवू नका. खायच्या वेळी धुवा. फणी टांगलेली बरी. एकेक केळं तोडताना देठाची साल फाडू नका.

हिरवट केळी फ्रिजमध्ये नकोतच. साधारण 13 अंशांच्या खाली ती नीट पिकत नाहीत, साल काळवंडते. हिवाळ्यात बागेतही थंडीने असंच नुकसान होतं, त्याला आमच्याकडे चरका म्हणतात. पूर्ण पिकलेली मात्र खुशाल ठेवा. साल काळी पडेल, गर चांगला राहील.

बारीक तपकिरी ठिपके पिकल्याची खूण, त्याला घाबरू नका. खोलगट काळा डाग आणि त्यावर भगवट-गुलाबी लेप दिसला तर तो बीजाणूंचा थर. गराला आंबूस वास आला की यीस्टनेही काम सुरू केलं समजा. असं केळं टाका, आणि शेजारची लवकर संपवा, कारण त्याच्या इथिलीन वायूने तीही भराभर पिकतात.