एन्व्हलप: लिफाफा नव्हे, वेढा

दादरच्या एका वाचकाने विचारलंय की सिंथेसायझर या विजेवर सूर निर्माण करणाऱ्या वाद्यावरच्या 'एन्व्हलप'ला मराठीत 'लिफाफा' म्हणावं का आणि त्याच्या चार नॉबना (फिरवायच्या बटणांना), म्हणजे अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीजला, काय म्हणावं.

'लिफाफा' मुळीच नको. पत्राच्या पाकिटाशी याचा काही संबंध नाही. गणितात अनेक वक्रांना स्पर्श करत जाणाऱ्या वक्राला एन्व्हलप म्हणतात. ध्वनीची लहर पडद्यावर उघडा आणि तिच्या शेंड्यांवरून रेघ ओढा, झाला एन्व्हलप. आवाज कसा उठतो, कसा ओसरतो, ते ती रेघ सांगते. आवाजाची ओळखही त्यातच असते: पॅरिसमध्ये १९४८ साली संगीतकार पिएर शेफेर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षण काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटेचना!

गणपती जवळ आले की इथल्या ऑर्केस्ट्रांच्या तालमींत एक वाक्य हमखास कानावर येतं: "सूर पटकन तुटतोय, सस्टेन वाढव." अहो, वाद्याची पट्टी बोटाखालून सोडल्यावर सूर तुटत असेल तर रिलीज वाढवा! अटॅक, डिके आणि रिलीज हे तिन्ही काळ आहेत: आवाज शिखरावर चढायचा, तिथून ओसरायचा आणि पट्टी सोडल्यावर विरायचा. सस्टेन ही पातळी आहे, पट्टी दाबून धरली असताना आवाज जिथे स्थिरावतो ती. व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकाराने १९६५ मध्ये सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्याकडे नेमकं हेच मागितलं होतं: तीन काळ, एक पातळी. मूगच्या जुन्या यंत्रावर तीन नॉबवर 'टी' (टाइम, म्हणजे काळ) होता, सस्टेनची खूण निराळी होती. हल्लीची चार नावं एआरपी कंपनीच्या यंत्रांनी रुळवली. घोळ वाढवला पायाखालच्या सस्टेन पेडलने. पेडल दाबलं की पट्टी धरून ठेवल्यासारखं होतं, नॉबचं काम ते नव्हे.

आता शब्द. काही अभ्यासक 'आवरण'चा आग्रह धरतात. आवरण झाकतं, आणि इथे झाकलेलं काहीच नाही. 'वेष्टन' म्हणणारे निदान योग्य धातूपाशी पोचलेत, पण घरात आलेला शब्द सोडून उंबऱ्यावरच का थांबायचं? संस्कृत 'वेष्ट्' प्राकृतात 'वेढ' झाला, त्यातून आपलं वेढणं, वेढा. आणि वेढ्याची क्रियापदं बघा: वेढा पडतो, ढिला होतो, ठाण मांडतो, उठतो. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज, अगदी त्याच क्रमाने! गडकोटांच्या भाषेत हे सगळं तयार पडलेलं असताना बाहेर शोधायला जायचं कशाला?

त्यातही 'ठाण' मला फार आवडतो. मूळ 'स्थान', म्हणजे जागा, काळ नव्हे. सस्टेनला 'टिकाव' सुचवणाऱ्यांनी याचा विचार करावा. 'टिकाव' म्हटलं की पुन्हा काळच डोक्यात येतो आणि तालमीतली ती चूक मराठीतही पक्की होते. 'ठाण वाढव' म्हटलं तर आवाजाची पातळीच वाढेल.