आजोबांच्या जमिनीचे कागद शोधताय? आधी हे करा

थेट माहिती अधिकाराचा अर्ज ठोकू नका. नवखे इथंच महिना घालवतात.

आधी आजचा सातबारा काढा. त्यावर फेरफार क्रमांक (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक) असतात, तोच तुमचा माग. क्रमांक हातात असला की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करता येतो. नुसतं ‘आजोबांचे सगळे कागद द्या’ म्हटलंत तर कारकून तरी कुठल्या गठ्ठ्यात हात घालणार? काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत.

कोर्टाच्या निकालाचं वेगळं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधा, सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टिपा आणि त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रत मागा.

एवढं करूनही दाद मिळेना, तरच माहिती अधिकार:

- 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.
- विषय एकच, साधारण 150 शब्दांत.
- ‘का’ विचारू नका, कागद मागा.
- पोच घ्याच. उत्तराचे 30 दिवस तिथून मोजायचे.

माझ्या पहिल्या अर्जात मी सात प्रश्न कोंबले होते. उत्तर आलं एका ओळीचं!

अपिलाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. सातबारा मिळाला की फेरफार क्रमांक कळवा, पुढचं बघू.