बँजो, बेंजो आणि बाजा

प्रश्न असा आला आहे: गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो आणि अमेरिकन गाण्यांत वाजतो तो बँजो, ही वाद्यं एकच का? लिहायचं कसं? आणि हा शब्द आपल्या ‘बाजा’वरून तिकडे गेला असं ऐकलं, ते खरं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण हे ‘बाजा’ प्रकरण मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. खरं नाही. ‘बाजा’ हा ‘वाद्य’चा वंशज आहे. वाद्य, वज्ज, बाजा अशी त्याची सरळ वाट आहे. मराठीत त्याच घरातले वाजा आणि वाजंत्री. ‘बा’वर अनुस्वार कुठून आला, शेवटी ‘ओ’ कुठून आला, आणि मुख्य म्हणजे शब्द तिकडे नेला कोणी, यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर हे लोक देत नाहीत. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून सोयरीक जुळत नाही.

दुसरा पंथ जरा शिकलेला आहे. तो ग्रीक ‘पांडुरा’पासून निघतो, वाटेत तंबोऱ्याला हात लावतो आणि इंग्रजी ‘बँडोर’पाशी येऊन थांबतो. जुन्या इंग्रजी कोशांनी हेच छापलं: बँजो म्हणजे ‘बँडोर’चा गुलामांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. या ‘अपभ्रंश’ शब्दावर माझा खरा राग आहे. बँडोर हे लंडनच्या जॉन रोझने १५६२ साली घडवलेलं वाद्य: लाकडी पोटाचं, धातूच्या तारांचं, खर्जात साथ करणारं. बँजोचं पोट भोपळ्याचं आणि त्यावर कातडं मढवलेलं. ज्यांनी वाद्य स्वतः घडवलं, त्यांना त्याचं नाव मात्र मालकाकडून उसनं घ्यावं लागलं, आणि तेही त्यांना नीट उच्चारता आलं नाही, असं या कोशकारांनी गृहीत धरलं. पुरावा काय, तर ध्वनिसाम्य! मग त्यांच्यात आणि ‘बाजा’वाल्यांत फरक काय?

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक. त्याचं व्हर्जिनियावरचं पुस्तक १७८५ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की गुलामांचं खास वाद्य ‘बँजार’, आणि ते त्यांनी आफ्रिकेतून इथे आणलं. त्याच्या समोरचीच गोष्ट होती ती. कोशकारांनी निदान त्याचं तरी ऐकायचं.

आता मला ज्यात खरा आनंद आहे ते. अंगोलातल्या किंबुंदू भाषेत तंतुवाद्याला ‘म्बांझा’ म्हणतात. हैतीतलं भोपळ्याचं असंच एक वाद्य व्हिक्टर शेल्शेर या गुलामगिरीविरोधी फ्रेंच माणसाने १८४१ च्या सुमाराला पॅरिसला नेलं. ते आजही तिथल्या संगीत संग्रहालयात आहे आणि त्याचं नाव ‘बांझा’. पोर्तुगीज बोलीत गिटारला ‘बांझा’ म्हणतात आणि तो शब्द किंबुंदूतून आला असं पोर्तुगीज कोशच सांगतात. म्हणजे शब्द आफ्रिकेकडून युरोपीय भाषेकडे गेला. म्बांझा, बांझा, बँजार, बँजो. यात कुठेही ओढाताण करावी लागत नाही.

पण वाद्य? तिथे गंमत आहे. बँजोचं सगळ्यात जवळचं जिवंत भावंड अंगोलात नाही, ते हजारो मैल वर, सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यात जोला लोकांकडे आहे. त्याचं नाव ‘आकोन्टिंग’. भोपळ्यात आरपार खुपसलेली दांडी, वर कातडं, तीन तारा आणि त्यातली एक आखूड, अंगठ्याने छेडायची. गांबियाच्या डॅनियल जट्टा यांनी हे वाद्य २००० साली अमेरिकेतल्या बँजो-संग्राहकांपुढे ठेवलं, तेव्हा कित्येकांच्या समजुतीला धक्का बसला. आकोन्टिंगवर नखाने खाली आघात करायचा आणि मग अंगठ्याने आखूड तार छेडायची. जोला लोक त्याला ‘ओटेक’ म्हणतात. पूर्व अमेरिकेतल्या अॅपलाशियन डोंगरातले गोरे वादक आजही जवळजवळ तसंच वाजवतात. सतार ऐकणाऱ्यांना आखूड तारेचं काम चटकन कळेल: आपली चिकारी. धुनेच्या मध्ये मध्ये एकच उंच सूर टोचत राहायचा.

म्हणून माझं मत असं: वाद्याचा घाट एका किनाऱ्यावरून आला, नाव दुसऱ्या किनाऱ्यावरून, आणि दोघांची गाठ कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत पडली. हान्स स्लोन हा डॉक्टर १६८७ साली जमैकात गेला. तिथे त्याने गुलामांची भोपळ्याची तंतुवाद्यं पाहिली आणि १७०७ च्या पुस्तकात त्यांची चित्रं छापली. त्याच पुस्तकात तिथल्या मेळाव्यातली गाणी स्वरलिपीत दिली आहेत, आणि त्यांवर ‘अंगोला’, ‘पापा’, ‘कोरोमान्ती’ अशी वेगवेगळ्या मुलखांची नावं आहेत. एकाच अंगणात इतक्या दूरदूरचे, एकमेकांची भाषा न कळणारे लोक वाजवत होते. अशा ठिकाणी एकाचं वाद्य आणि दुसऱ्याचं नाव एकत्र येणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. जो तो एकच गाव शोधत बसतो, तिथेच सगळे चुकतात.

पुढची कथा थोडक्यात. व्हर्जिनियातल्या अॅपोमॅटॉक्सचा जोएल स्वीनी हा गोरा वादक आसपासच्या काळ्या लोकांकडून बँजो शिकला आणि रंगमंचावर घेऊन गेला. बँजोची पाचवी, म्हणजे ती आखूड तार त्याने शोधली असं अजून सांगतात. ते साफ खोटं आहे, कारण स्वीनीचा जन्म १८१० चा आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथ कॅरोलायनात काढलेल्या एका जलरंगातल्या बँजोवर आखूड तार स्पष्ट दिसते. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांनी तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून बँजो, फिडल, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या घेऊन खेळ केला. अमेरिकेचा पहिला देशभर चाललेला करमणुकीचा धंदा तो हाच. ज्यांचं वाद्य, त्यांचीच टवाळी. पुढे १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांची गाणी एका यादीत आणि डोंगराळ गोऱ्यांची ‘हिलबिली’ दुसऱ्या यादीत टाकली. बँजो हळूहळू दुसऱ्या यादीचा झाला, काळ्यांच्या ‘ब्लूज’ गाण्यांनी गिटार धरली. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या ताफ्यात आला, तीन बोटांच्या त्याच्या वादनाने ‘ब्लूग्रास’ ही संगीताची शैली घडली, आणि मग बँजो म्हणजे गोऱ्या शेतकऱ्याचं वाद्य हे चित्र पक्कं बसलं. हे खोडून काढायला २००५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बूनमध्ये काळे बँजोवादक मुद्दाम एकत्र जमले. तिथूनच ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा ताफा निघाला. त्यातल्या रियानन गिडन्सचं वादन ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आधी ते ऐकावं, मग कोश उघडावा.

आता बेंजो. तो बँजो नव्हे. १९१२ साली, जपानात तैशो काळ सुरू झाला तेव्हा, नागोयाच्या मोरिता गोरोने टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ‘तैशोगोतो’ बनवलं. ते हिंदुस्थानात येऊन ‘बुलबुल तरंग’ झालं, इंग्रजीत ‘जपान बँजो’ आणि ‘इंडियन बँजो’. भोपळा नाही, कातडं नाही, लांब दांडी नाही; लाकडी पेटीवर तारा आणि त्यांवर पट्ट्या. तरी नाव तेच चिकटलं. बलुचिस्तानात त्याच वाद्याच्या मोठ्या भावाला ‘बेंजू’ म्हणतात. लालबागच्या पोरांनी त्याला पिकअप लावून भोंग्याला जोडलं आणि कोळीगीतांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळं त्यावर वाजवलं. म्हणजे अंगोलातलं नाव आधी गांबियाच्या घाटाच्या वाद्यावर बसलं आणि तिथून उठून जपानी वाद्यावर. दुसऱ्यांदा तेच घडलं म्हणूनच माझा वरचा तर्क मला इतका पटतो.

लेखनाचं राहिलं. अमेरिकन वाद्य बँजो, मिरवणुकीतलं बेंजो. दोन्ही शुद्ध. ‘बेंजो पार्टी’ खोडून ‘बँजो पार्टी’ करणारे मुद्रितशोधक एका वाद्याच्या जागी दुसरं ठेवतात.