बायपास होऊन दीड महिना झाला, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी बाबा दिवसभर पडून असतात आणि मधूनच रडतात. त्यांचं मन खंबीर कसं करावं? आराम करू द्यावा की मागे लागून उठवावं?

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मन खंबीर कसं करावं?" असं तुम्ही विचारलंय, ते वाचून राहवलं नाही. माझी स्वतःची बायपास झाली आहे आणि अगदी हेच मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाकडून ऐकलं आहे.

आधी सांगा, कोणते रिपोर्ट नॉर्मल आहेत? इको आणि ईसीजी असतील तर त्यावरून हृदयाचं पंपिंग आणि ठोके कळतात. रक्त किती कमी झालंय, थायरॉइड कसं आहे, हे त्यात कुठे दिसतं? फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय का, तेही त्यात कळेलच असं नाही.

दादाची अँजिओप्लास्टी झाली होती. तो आठवडाभरात कामावर गेला आणि तेव्हापासून घरात हृदयाच्या विषयावर शेवटचा शब्द त्याचा. पण अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून स्टेंट बसवतात. बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापतात, पायातली शीर काढून घेतात, बऱ्याचदा हृदय थांबवून मशीनवर रक्त फिरवतात आणि शेवटी ते हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. हाड सांधायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीनेक महिने. या दोन गोष्टींची तुलना करणाऱ्याने रुग्णाला सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आल्यावर एकदा वहिनीने मला स्टुलावर बसवून डोक्यावरून आंघोळ घातली. नंतर केस पुसायला मी हात वर केले आणि ते वर राहीचनात. टॉवेल डोक्यावर तसाच, पाणी पाठीवरून निथळतंय आणि मी काहीही कारण नसताना हुंदके देऊन रडतेय. दादा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "मनावर घेतलं तर सगळं जमतं. मी नाही का उभा राहिलो?" वहिनीने दार लावून घेतलं आणि काही न बोलता माझे केस पुसले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या तपासणीला दादाच सोबत आला होता. "डॉक्टर, हिला जरा समजवा, फार मनाला लावून घेते," हे त्यानेच आधी सांगून टाकलं. डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नाडी धरली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेआठ. नाडी पन्नाशीच्याही खाली, कारण ठोके मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉल या गोळीचा डोस मला जास्त होत होता. डोस कमी झाला, लोह सुरू झालं आणि काही आठवड्यांत जिना चढताना मध्ये बसावं लागेनासं झालं.

मन मात्र उठलं नाही. सकाळी जाग आली की आता दिवस कसा ढकलायचा, एवढंच डोक्यात. दादा यावर आजही म्हणतो, "म्हणजे अर्धं मनाचंच होतं ना!" नाही, दादा. बायपासनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्येच सांगितलंय की हृदयरुग्णांचं नैराश्यासाठी स्क्रीनिंग करा. ते अंगावर काढलं तर माणूस गोळ्या चुकवतो, चालायचं टाळतो आणि हृदयालाच धोका वाढतो. माझ्याकडून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली आणि फिजिओच्या देखरेखीखाली चालणं. मला विचाराल तर गोळीइतकंच त्या चालण्याने तारलं. माझ्यासारखीच छातीवर टाके असलेली माणसं शेजारून चालत होती आणि त्यांच्यापैकी कुणीही मला खंबीर हो म्हणालं नाही.

तुमच्या बाबांचं म्हणाल तर आराम आणि हालचाल दोन्ही हवं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि दर थोड्या दिवसांनी जरा वाढवत. दुपारची झोप लांबली तर रात्रीची जाते, तेवढं सांभाळा. आधी मात्र सीबीसी (रक्ताची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि रडण्याबद्दल स्वतःहून सांगा. सर्जन टाके बघतो, झोपेबद्दल क्वचितच विचारतो. पाहुण्यांसमोर "यांनी हायच खाल्लीये" असं कुणालाही म्हणू देऊ नका. ते ऐकत असतात.

पहिल्या काही आठवड्यांत असं रडू येणं पुष्कळांना होतं आणि आपोआप ओसरतंही, हेही खरं. पण दोन आठवडे रोजच उदासी असेल, कशातच रस नसेल, तर वाट बघू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी माझं वाचून परस्पर बंद करू नका, अचानक थांबवली तर छातीत दुखणं उलटतं. नैराश्याची गोळीही हृदयाचे डॉक्टर बघूनच ठरवू देत. काही जुन्या गोळ्या ठोक्यांची लय बिघडवतात आणि सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांनी अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्राव वाढू शकतो.

आणि ताप, जखमेतून स्राव, छातीच्या हाडात कट्कट्, आडवं झाल्यावर दम लागणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, किंवा "मी गेलो असतो तर बरं झालं असतं" असं बाबांच्या तोंडून येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.